ग्रोटो पाडायच्या आधी एकदा तिच्या डोक्यावर चढून बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वसईकडची पॅरिश, चर्चच्या आवारात लूर्दमातेची, म्हणजे मरियामातेची, ग्रोटो (मूर्तीसाठी बांधलेली कृत्रिम गुहा), पायथ्याच्या पाटीवर साल 1958. छत गळतंय, आतून पांढरं पांढरं सुटलंय, दोनतीन जागी सळया बाहेर आल्यात, मातेच्या जोडलेल्या हातांची बोटं तुटलीत आणि आतली तार दिसतेय. पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे चर्चच्या कमिटीत, दोन तट पडलेत. एक म्हणतो पाडून टाका, ग्रॅनाइट लावून नवी बांधू, मूर्ती फायबरची आणू, देणगीदार पण तयार आहे. दुसरा म्हणतो आमच्या आजोबांनी डोक्यावरून दगड वाहिलेत, कोणी हात लावायचा नाही. आणि सगळ्यांनाच 11 फेब्रुवारीच्या लूर्दमातेच्या सणाआधी काम झालेलं हवंय. बरोबर ना?

मी 28 वर्षं हेच काम करतोय, क्रूस, ग्रोटो, जुन्या चर्चचे गिलावे. वडील गवंडी होते, त्यांच्याच हाताखाली शिकलो, नंतर दोनचार कोर्सही केले. तुम्ही आठ फोटो पाठवलेत आणि आठही समोरून काढलेत. यात तुमची चूक नाही, सगळेच तसं करतात, प्रार्थनेला उभं राहतो तिथूनच आपण ग्रोटो बघतो. पण ग्रोटोचा आजार समोरून दिसत नाही, तो मागून आणि वरून दिसतो. शिडी लावून वर चढा आणि वरचा एक फोटो काढा. पाडायची की ठेवायची हा वाद तोपर्यंत बाजूला ठेवा असं मी कौन्सिललाही सांगेन.

कारण असं बघा. फ्रान्समधल्या लूर्दला मॅसाबिएलची जी खरी गुहा आहे ती डोंगराच्या पोटात आहे, डोक्यावर अख्खा कडा. 1858 साली बर्नाडेट नावाच्या मुलीला तिथं मातेचं अठरा वेळा दर्शन झालं, आणि शंभर वर्षांनी आपल्याकडे त्याची आठवण म्हणून जी गुहा बांधली तिच्या डोक्यावर काहीच नाही, सरळ जूनचा पाऊस. आपल्या पट्ट्यात वर्षाला 2000 मिलिमीटरच्या पुढे पाणी पडतं आणि ते जवळजवळ सगळं चार महिन्यांत. डोंगर वाटावा म्हणून बांधणाऱ्यांनी वरून मुद्दाम खाचखळगे ठेवलेले असतात, आणि त्या प्रत्येक खळग्यात पाणी, पानं, माती, मग पिंपळाचं रोप. म्हणजे दिसायला डोंगर आणि कामाला टोपली.

आता त्या काळच्या ग्रोटो बांधलेल्या कशा असतात ते सांगतो, तुमची पण फोटोवरून तशीच वाटतेय. खालचा भाग काळ्या दगडाचा, सिमेंटच्या मालात लावलेला. वरची कमान आणि छत म्हणजे सळयांचा सांगाडा, त्यावर चिकन मेश, म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी, आणि मेशवर हाताने थापलेलं सिमेंट, ओबडधोबड, दगडासारखं दिसावं म्हणून. ते थापलेलं सिमेंट कुठे दीड इंच तर कुठे जेमतेम अर्धा इंच. रेती बऱ्याचदा खाडीची, न धुतलेली. त्या वेळी कोणाला माहीत नव्हतं असं नाही, पण काम श्रमदानाचं, ट्रकने गोड्या पाण्याची रेती मागवायला पैसे कोणाकडे होते. त्या मिठाचं बिल आता साठहून जास्त वर्षांनी तुमच्याकडे आलंय.

आतल्या पांढऱ्याला तुम्ही बुरशी म्हटलंय. फोटो मोठा करून बघितला, मला ती बुरशी वाटत नाही. पांढरं दोन प्रकारचं असतं. एक भिंतीवर कापसासारखं फुलतं, बोट लावलं की पूड होऊन पडतं, जिभेला लावलं तर खारट लागतं, पाण्यात विरघळतं. हा लोणा. दुसरं छताला लोंबतं, बारीक सुळ्यांसारखं, कडक, पाण्यात विरघळत नाही. तो सिमेंटमधला चुना, छतातून झिरपणाऱ्या पाण्याने धुऊन खाली आणलेला. तुमच्या तिसऱ्या फोटोत डावीकडे वर असे चारपाच सुळे दिसतायत, म्हणजे बरोबर त्यांच्या डोक्यावर कुठेतरी पाणी आत शिरतंय. सुळे तोडू नका, आधी त्यांच्या जागा कागदावर मांडून घ्या, फुकटात मिळालेला नकाशा आहे तो.

लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि खाली कागद पसरून गोळा करून आवाराबाहेर टाकायचा. पाणी मारून धुवायचा नाही. सगळीकडे हेच करतात, प्रेशरचा पंप आणतात, एका दिवसात ग्रोटो लख्ख, आणि दोन महिन्यांत दुप्पट लोणा, कारण मीठ पाण्याबरोबर परत आत गेलेलं असतं आणि वाळताना परत बाहेर येतं, येताना थोडी भिंत घेऊनच येतं. जिथे फारच असेल तिथे कागदाचा लगदा साध्या शुद्ध पाण्यात भिजवून पोल्टिससारखा, म्हणजे लेप लावतात तसा, लावायचा, वाळू द्यायचा, मीठ लगद्यात येतं, लगदा काढून टाकायचा, असं तीनचार वेळा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला कारागीर लागत नाही, तुमची युथची मुलं करतील.

पाणी कुठून येतंय ते शोधायला पावसासारखा दुसरा इन्स्पेक्टर नाही. आता पाऊस चालू आहे तर छत्री घेऊन, खडू घेऊन ग्रोटोत तासभर उभे राहा. पहिला थेंब कुठे पडला, सर सुरू झाल्यावर किती मिनिटांनी पडला, पाऊस थांबल्यावर किती वेळ पडत राहिला, सगळं लिहा. लगेच पडलं तर सरळ भेग आहे. पाऊस थांबल्यावर दोन तासांनीही टपकत असेल तर वर कुठेतरी पाणी साठलंय. आणि मागची बाजू जमिनीपासून फूट-दीडफूट कायम ओली असेल तर ते पाणी वरचं नाही, ते खालून चढतंय.

खालून चढणाऱ्या ओलीबद्दल एक विचारतो, गेल्या दहा वर्षांत आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेत का? फोटोत तरी दिसतायत. ब्लॉक बसवताना आवाराची लेव्हल वर येते, ग्रोटोचा पाया गाडला जातो, पावसाचं पाणी जमिनीत मुरायची जागा बंद होते आणि ते पाणी सगळ्यात जवळचा दगड धरतं. माझ्याकडे आलेल्या कामांपैकी बऱ्याच ठिकाणी खरा गुन्हेगार हे ब्लॉकच निघालेत आणि ते कोणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ बसवलेले असल्यामुळे बोलायची चोरी. सगळे काढायला नका सांगू. ग्रोटोच्या भोवतीने दीड फुटाचा पट्टा फक्त काढा, मूळ जोत्यापर्यंत खणा, खडी भरा, आणि ते पाणी एका बाजूला नाळीत जाईल असा उतार द्या. फुटाला पाव इंच पुरतो. या एका कामाने खालचा अर्धा लोणा पुढच्या पावसाळ्यापर्यंत कमी होतो असा माझा अनुभव आहे.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या कौन्सिलमधले 'जरा सिमेंट मारून घेऊ' म्हणणारे लोक म्हणजे मीच आहे, पंचवीस वर्षांपूर्वीचा. साष्टीकडच्या एका गावठाणात जुना क्रूस होता, मुंबईत 1896 ला प्लेग आला त्यानंतर ठिकठिकाणी असे क्रूस उभे राहिले त्यातला. चौथरा विटांचा, त्यावर चुन्याचा गिलावा, आणि चुन्यातच उठावात काढलेली येशूच्या दुःखसहनाची चिन्हं: शिडी, हातोडी, खिळे, आणि एका बाजूला कोंबडा, शिष्य पेत्राने येशूला तीन वेळा नाकारलं तेव्हा आरवलेला. कोंबड्याची शेपटी झिजली होती पण तुरा इतका सुबक होता की बघत राहावं. गिलावा खालून सुटत होता. मी तरुण, सणाला आठ दिवस, वरून कडक सिमेंटचा हात दिला, कोंबड्याच्या भोवतीने अगदी जपून, स्वतःवर खूश. तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी बोलावणं आलं, जाऊन बघतो तर सिमेंटचं पापुद्र्यासारखं ताट सुटून खाली पडलेलं आणि ताटाच्या मागच्या बाजूला अख्खा कोंबडा चिकटलेला, उलटा, तुऱ्यासकट. आतली वीट बोटाने खरवडली तर शेवयांसारखी पडत होती. विटेतली ओल चुन्यातून बाहेर पडायची ती मी कोंडली होती, एवढंच झालं होतं. तो कोंबडा मी परत केला, चुन्यात, फोटो बघून. लोक चांगला झालाय म्हणतात. मला तिथून जाताना अजून तिकडे बघवत नाही.

पण याचा अर्थ तुमच्या ग्रोटोवर चुनाच वापरा असा नाही. हल्ली हेरिटेजवाल्यांचं ऐकून लोक सगळीकडे चुना, गूळ, हिरडा, बेलफळ करत सुटलेत. जे मुळात चुन्याचं आहे तिथे चुना, जे मुळात सिमेंटचं आहे तिथे सिमेंटच, फक्त समजून. 1958 चं सळयांचं छत चुन्याने दुरुस्त होणार नाही, चुना सळईला गंजापासून वाचवू शकत नाही. यात एक गंमत आहे, हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्यात शिरला की चुना दगड होतो, तेच त्याचं बळ, आणि तोच वायू सिमेंट काँक्रीटमध्ये हळूहळू आत सरकत सळईपर्यंत पोचला की सळईचं संरक्षण संपतं. तो कुठवर पोचलाय हे कळायला शाळेच्या लॅबमधलं फिनॉल्फ्थॅलीन पुरतं. छताचा एक छोटा तुकडा फोडा, ताज्या तुटलेल्या बाजूवर दोन थेंब टाका. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून जिवंत आहे, रंग आलाच नाही तर त्या खोलीपर्यंत ते थकलंय. पाचसहा ठिकाणी बघा. आणि लाकडी हातोडीने सगळं छत ठोकत जा, भदभद आवाज येईल तिथे खडूने गोल करा. सगळ्या छताचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी भदभद वाजत असेल तर दुरुस्ती करा, मी तरी करतो. अर्ध्याच्या वर गेलं तर तेवढी छताची टोपी नवी करावी लागेल, तरीही खालचा दगड आणि कोनाडा पाडायचं काही कारण नाही. हा माझा आडाखा आहे, नियम नाही, आणि छताखाली माणसं उभी राहतात म्हणून एकदा स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवाच, त्यात काटकसर नको. तोपर्यंत आत कोणी उभं राहणार नाही अशी दोरी बांधा, प्रार्थना बाहेरून होऊ दे.

दुरुस्ती म्हणजे काय तर सुटलेलं काँक्रीट काढायचं, नुसतं समोरून नाही, सळईच्या मागे बोट जाईल इतकं आत. बहुतेक ठेकेदार इथेच चोरी करतात, सळईचा पुढचा भाग घासून रंगवतात आणि मागचा गंज तसाच ठेवून बुजवतात. गंज लोखंडापेक्षा दुपटीतिपटीने, कधी त्याहून जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून ढकलत राहतो आणि दोन वर्षांत तोच तुकडा परत पडतो. सळई सगळ्या बाजूंनी तारेच्या ब्रशने चकचकीत करा, झिंकचा प्रायमर द्या, फारच खंगली असेल तर शेजारी नवी जोडा, मग पॉलिमर मिसळलेला तयार रिपेअरचा माल थराथराने भरा. वरून परत ओबडधोबड करताना जुन्या गवंड्याच्या थापीची दिशा बघा. तुमच्या ग्रोटोवर बोटांचे ठसे असतील बघा कुठेतरी, बहुतेक ग्रोटोंवर असतात, मेशवर सिमेंट हातानेच दाबलेलं असतं.

दगडाच्या दर्जा, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, भरताना मात्र नुसतं कडक सिमेंट नको, एक भाग सिमेंट, एक चुना, सहा रेती असा मऊ माल ठेवा. दर्ज जेवढी रुंद त्याच्या दुप्पट खोल उकरा, धूळ झाडा, पाणी शिंपडून ओली करा, मग भरा, आणि आठदहा दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. रेती नदीची किंवा धुतलेली क्रश सँड, पाणी टँकरचं गोडं. विहिरीचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

वरच्या खळग्यांचं काय करायचं? बुजवून सपाट केलं तर डोंगर जातो. मी खळगे तसेच ठेवतो, फक्त प्रत्येक खळग्यातून पाणी पुढच्या खळग्यात आणि शेवटी मागच्या बाजूला पडेल अशी बोटभर वाट कोरतो आणि आतून वॉटरप्रूफ माल पसरतो. समोरून कोणाला काही दिसत नाही. मूर्तीच्या कोनाड्याच्या वरच्या ओठाला खालून एक बारीक खाच पाडायची, म्हणजे पाणी आत न ओघळता तिथूनच थेंब होऊन सुटतं. खर्च शून्य, पण मातेच्या चेहऱ्यावर जी काळी धार आलीय ती बंद होईल. पिंपळ उपटू नका, मुळासकट दगड येतो. बुंध्याशी कापा, खोडात भोक पाडून जाणकाराकडून तणनाशक भरून घ्या, पूर्ण मेल्यावरच भेग भरा.

आता मूर्ती. तार दिसतेय म्हणजे ती सिमेंटची ओतीव आहे, संगमरवरी नाही आणि प्लास्टरचीही नाही, हे तुमच्या दृष्टीने बरंच आहे कारण प्लास्टर ऑफ पॅरिसची असती तर एवढे पावसाळे टिकलीच नसती. प्लास्टर पाण्यात विरघळतं, आणि त्याला सिमेंटने जोडलं तर दोघांचं जमत नाही, सांधा फुगून फुटतो, म्हणून ज्यांच्याकडे प्लास्टरची आहे त्यांनी ती चर्चच्या आत ठेवावी. तुमच्या मूर्तीच्या बोटांतली गंजकी तार निरोगी सिमेंट लागेपर्यंत मागे कापायची, तिच्या जागी स्टेनलेसची बारीक तार, समुद्र जवळ आहे म्हणून 316 ग्रेडचीच, आणि बोटं बारीक मालाने हळूहळू घडवायची. तुटलेली बोटं कोणी उचलून ठेवलीत का ते विचारा. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे चर्चमधल्या साहित्याच्या खोलीच्या, ड्रॉवरमध्ये, नाहीतर एखाद्या आजींच्या घरी अल्तारीवर, म्हणजे देवघरात, असतात, हे मी दोनदा बघितलंय. सापडली तर तीच जोडा.

रंगाच्या आधी एक काम करा. मूर्तीच्या मागे, कोणाला दिसणार नाही तिथे, सर्जिकल ब्लेडने नखाएवढी खिडकी पाडा, एकेक थर पायरीसारखा उघडत. एका ठिकाणी मला सात थर मिळाले होते, वरचे चार चकचकीत ऑइल पेंट, त्यात मातेची ओढणी निळी. सगळ्यात खाली ओढणी पांढरी, फक्त कमरेचा पट्टा निळा, आणि दोन्ही पावलांवर पिवळे गुलाब. बर्नाडेटने सांगितलं होतं तेही असंच, पांढरा झगा, पांढरी ओढणी, निळा पट्टा, पायावर पिवळी फुलं. दर चारपाच वर्षांनी सणाला येणारा पेंटर आपल्या मनाने रंगवत गेला आणि पावलांवरचे गुलाब थराखाली पार सपाट झाले होते, लोकांना तिथे फुलं आहेत हेच माहीत नव्हतं. ते उघडे पडले त्या दिवशी बायकांची जी गर्दी झाली ती सणालाही होत नाही. आणि मूर्तीखाली जर 'के सोय एरा' अशी सुरुवात असलेली परदेशी अक्षरं असतील तर ती फ्रेंचमध्ये सुधारून घेऊ नका. ती चुकलेली नाहीत, बर्नाडेट बोलायची ती तिच्या गावाकडची बोली आहे, लूर्दच्या मूर्तीखालीही तीच आहेत. आपल्या कादोडीला, वसईकडच्या आपल्या बोलीला, कोणी अशुद्ध मराठी म्हटलं तर कसं वाटतं, तसंच.

ऑइल पेंट परत नकोच. सिमेंटच्या मूर्तीला श्वास घेऊ देणारा मिनरल म्हणजे सिलिकेटचा रंग चांगला, नाहीच मिळाला तर मॅट अॅक्रिलिकचे दोन पातळ हात. पण जुना ऑइल पेंट उतरवल्याशिवाय सिलिकेट धरत नाही हे लक्षात ठेवा, आणि उतरवायला ग्राइंडर किंवा अॅसिड कोणी आणलं तर त्याला गेटवरूनच चहा पाजून परत पाठवा. चेहरा एकाच माणसाने करायचा आणि सगळ्यात शेवटी.

परवानगीचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॅनन कायद्यात 1189 वं कलम आहे, जुनेपणामुळे, कलेमुळे किंवा भाविकांच्या श्रद्धेमुळे ज्यांचं मोल आहे अशा प्रतिमा चर्चमध्ये किंवा चॅपेलमध्ये असतील तर ऑर्डिनरीच्या, म्हणजे बिशप किंवा त्यांच्या व्हिकर जनरलच्या, लेखी परवानगीशिवाय दुरुस्त करायच्या नाहीत, आणि त्यांनीही आधी जाणकारांना विचारायचं. ग्रोटो आवारात आहे, ती त्यात बसते की नाही यावर वाद घालत बसू नका, फादरना सांगून एक पत्र डायोसिसला, म्हणजे बिशपच्या कार्यालयाला, पाठवा, सोबत आत्ताचे फोटो जोडा. तुमच्या दोन तटांपैकी कोणीही उद्या तक्रार केली तर हेच पत्र फादरना वाचवेल. आणि वसई किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या 300 मीटरच्या आत असाल तर पुरातत्त्व खात्याचंही बघावं लागतं.

मूर्ती हलवायची वेळ येईल तेव्हा ती टेम्पोत आडवी टाकून भर दुपारी नेऊ नका. मी एकदा नेली होती, गादी घालून, नीट बांधून, तरी रस्त्यात एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून उतरून रडायला लागले. तेव्हापासून सकाळच्या मिस्सेनंतर, फादरांची छोटी प्रार्थना, अंगावर पांढरी चादर, आणि काम होईपर्यंत मूर्ती चर्चच्या आत एका बाजूला, मेणबत्तीसकट. रिकाम्या कोनाड्यात त्या महिन्यांपुरता मोठा फोटो लावा, लोक रिकाम्या कोनाड्यासमोरही येऊन थांबतात.

कोनाड्याच्या मागची फट साफ करताना मजुरांना एकटं सोडू नका. तिथे लोकांनी खोचलेल्या चिठ्ठ्या निघतात. एका ग्रोटोत मला पाण्याने लगदा झालेल्या चिठ्ठ्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेली एक कोरडी चिठ्ठी मिळाली, सोबत दोन जुनी नाणी आणि दुधाचा दात. आम्ही काहीच उघडलं नाही, सगळं फादरांकडे दिलं, त्यांनी आवारातच पुरलं. फुटलेल्या मूर्तीचे न जोडता येणारे तुकडेही तसेच पुरतात, कचऱ्याच्या गाडीत जात नाहीत.

वेळेचं सांगतो, आणि इथे तुमचे देणगीदार माझ्यावर नाराज होतील. पाऊस चालू असेपर्यंत नुसतं बघायचं आणि लिहायचं. ऑक्टोबरभर वाळू द्यायचं, आत एकही ओला हात लावायचा नाही. नोव्हेंबरमध्ये भोवतीचा खणलेला पट्टा आणि वरच्या पाण्याच्या वाटा, डिसेंबरमध्ये छत आणि दर्जा, नाताळला सगळं झाकून सुट्टी, जानेवारीत मूर्ती. 11 फेब्रुवारीला ग्रोटो दुरुस्त असेल पण रंगवलेली नसेल, डागडुजी केलेले तुकडे थोडे वेगळे दिसतील. रंग मेमध्ये द्या. मे हा मातेचा महिना, त्या महिन्यात आपल्याकडे क्रुसांसमोर संध्याकाळी प्रार्थना होतात, लोक तशीही बाहेर बसतात, आणि तोपर्यंत नवा माल पूर्ण वाळलेला असेल. ओल्या मालावर सणासाठी दिलेला रंग पहिल्याच पावसात फोड येऊन सुटतो.

ग्रॅनाइट आणि टाइल्स नको का म्हणतोय ते कौन्सिलला असं सांगा. टाइलच्या मागे पाणी साठलं तर ते दिसत नाही, टाइल पडते तेव्हाच कळतं. फायबरची मूर्ती उन्हात काही वर्षांत पिवळट, खडूसारखी होते आणि मग ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. देणगीदारांना मात्र दुखवू नका, त्यांना दुसरं काम द्या, आणि ते कमी मोलाचं नाही. मेणबत्त्यांचा स्टँड आत्ता कोनाड्याच्या बरोबर खाली आहे, छताची काजळी आणि पायरीवरचं मेण त्याचंच. सहासात फूट पुढे, वर छोटं छप्पर, खाली रेतीचा ट्रे, मागे वारा अडवायला पत्रा, असा चांगला स्टँड त्यांच्या आईवडिलांच्या नावाने करू दे. लोकांचा हात रोज त्याला लागेल. जुनं मेण काढायला रॉकेल नको, लाकडी पट्टीने खरवडा आणि उरलेल्यावर टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागदात येतं. त्याच वेळी हॅलोजन आणि मूर्तीमागून गेलेल्या उघड्या वायरी पण काढून टाका, ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याला गुंडाळलेली वायर फोटोतच दिसतेय मला.

हे सगळं झाल्यावर एक माणूस ठरवा, कमिटी नको, एकच माणूस. दरवर्षी मेच्या शेवटच्या रविवारी मिस्सेनंतर शिडी लावून, झाडू आणि घमेलं घेऊन ग्रोटोच्या डोक्यावर चढायचं, पानं काढायची, पाण्याच्या वाटांतून एक बादली ओतून बघायची, कुठे पिंपळाचं पान दिसलं तर तेव्हाच काढायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्याकडे एका पॅरिशमध्ये घंटा वाजवणारेच ते करतात, आणि त्या ग्रोटोला मी काम केल्यापासून अकरा वर्षांत मला परत बोलावलेलं नाही.

वरचा फोटो काढलात की पाठवा. शिडी धरायला खाली कोणाला तरी उभं करा, शेवाळ असतं.